बसा, मग बोलू

पार्कवाल्यांनी अण्णांना फसवलं आणि अण्णांनी मला फसवलं. त्याआधी मला कुणी फसवलेलं नव्हतं. वीस-बावीस वर्षं मी बंगळुरात रोपं विकते आहे. आयटी कंपन्यांच्या बागा, अपार्टमेंटांची हिरवळ, हॉटेलांच्या कुंड्या, सगळीकडे मी भांडून धंदा केला. भाव पटला नाही तर उतरवलेली रोपं पुन्हा टेम्पोत चढवली. ज्यांनी मला बुडवायचा प्रयत्न केला त्यांना मी अजून चारचौघांत शिव्या घालते. या म्हाताऱ्याला मात्र शिव्या देता येत नाहीत. म्हणून लिहायला घेतलं.

मी जतची. आमच्याकडे बांधावरच्या एका लिंबाखाली दुपारी कुणाची बैलं बांधायची, यावरून भावाभावांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. लग्न होऊन होसकोट्याला आले. नवरा तिथल्या कारखान्यात होता. घरामागच्या तुकड्यात दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत कढीपत्त्याची रोपं लावून मी सुरुवात केली आणि आता दोन एकरांची नर्सरी आहे. जतमध्ये अर्धं गाव कन्नड बोलतं, त्यामुळे इथं भांडायला भाषेची अडचण कधी आली नाही.

धंद्यात माझा एकच नियम होता. सौदा उभ्यानं करायचा. बसलं की चहा येतो, चहा प्यायला की भीड पडते, आणि भीड पडली की भाव पडतो. एसी केबिनमध्ये साहेब लोक खुर्ची दाखवतात, मी म्हणते, साहेब, गुडघा दुखतो, बसले की उठता येत नाही. गुडघा ठणठणीत आहे.

शहराबाहेर पाळण्यांचं, पाण्याच्या घसरगुंड्यांचं एक मोठं पार्क आहे, त्यातलं जे मधलं मैदान आहे, ते नव्यानं करायचं निघालं. फाटकातून आत गेलं की सगळे रस्ते तिथूनच फुटतात. तेव्हा तिथं एक कारंजं होतं आणि भोवती नुसत्या फरशा. तिथले कामगार त्याला तवा म्हणायचे. त्या तव्यावर बाग करायची, बसायला बाक करायचे, असं ठरलं होतं. रोपांचा भाव द्यायला मी गेले, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि त्या तव्याच्या मधोमध एक म्हातारा लाकडी पाटावर बसला होता. आपण जेवायला घेतो तसला पाट. पांढरा शर्ट, पांढरं धोतर, डोकं उघडं, आणि मांडीवर मिटलेली छत्री.

मी विचारलं, "बागेचं काम बघणारे साहेब कुठं भेटतील?"

"मीच," ते म्हणाले. "बसा, मग बोलू."

त्यांनी शेजारच्या कापडी पिशवीतून दुसरा पाट काढला आणि फरशीवर ठेवला. मी म्हटलं, मी उभीच बरी. ते म्हणाले, सरी, म्हणजे ठीक. मी भावाचा कागद पुढं केला, त्यांनी घेतला नाही. फरशीवर डोळे लावून बसले. मधूनच मुठीतल्या चुन्यानं एक रेघ ओढायचे. मी पाऊण तास उभी होते. मग ते एकच वाक्य बोलले.

"अक्का, तुमची सावली माझ्या रेघेवर पडते आहे. स्वल्प सरका."

मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, पार्कवाल्यांनी एक वेडा नेमलाय. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, पुन्हा तेच. पाट, बसा मग बोलू, आणि मी उभी. तिसऱ्या खेपेला पायाला गोळे आले आणि मी बसले. त्या दिवशी हिरवळीच्या भावात मी मार खाल्ला. इतका की परतीच्या वाटेवर टेम्पोवाल्यानं विचारलं, अक्का, तब्येत बरी नाही का?

सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. सरकारी बागेत चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले, बनशंकरीला मुलीकडे राहायचे. घराणं मराठी, पण तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेलं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड, आणि 'नको'ला 'नोको' म्हणायचे. मी एकदा खवचटपणे म्हटलं, "अण्णा, तुमचे लोक इकडं आलेच कसे?"

"फौजेबरोबर आले."

"मग परत का नाही गेले?"

"फौज गेली की परत. आमचे लोक सावलीला बसले होते. कुणी उठवलं नाही."

हे ते हसून नाही सांगायचे. पंचांगात बघून सांगितल्यासारखं सांगायचे.

छत्री का उघडत नाही, हे मी एकदा विचारलं होतं. "छत्री उघडली तर ऊन कुठं आहे ते कसं कळेल?" एवढंच म्हणाले. त्या तव्यावर त्यांनी कितीतरी दिवस काढले. सकाळी एका जागी, दुपारी दुसऱ्या, सोमवारी वेगळ्या, रविवारी वेगळ्या. पार्क चालू असायचं, लोक अंगावरून जायचे. पहारेकरी आधी हटकायचे, मग सवय झाली. आणि एका रविवारी एका बाईनं अण्णांच्या मांडीवर आपली पिशवी ठेवली. म्हणाली, आजोबा, तुम्ही बसलाच आहात तर धरा जरा, आम्ही पाळण्यात जाऊन येतो. अण्णांनी धरली. ते बघून दुसऱ्यांनी ठेवली. मी दुपारी पोचले तर म्हातारा पिशव्यांच्या ढिगात, पायाशी चपलांचे जोड, हातात कुणाचा तरी चष्मा, आणि खांद्याशी कुणाचं तरी रडणारं तान्हं.

"काय हे?" मी म्हटलं.

"अक्का, हे बाळ घ्या स्वल्प. याचं तिकीट नाही, म्हणून याला पाळणा नाही."

संध्याकाळपर्यंत मी ते बाळ घेऊन उभी होते. बाळ घेऊन भावाचं बोलता येत नाही, हे त्यांना माहीत होतं की काय, कोण जाणे.

पण त्या दिवसानंतर त्यांचं काम पक्कं झालं. ते म्हणायचे, "जे पाळण्यात बसतात, त्यांना पार्कानं सगळं दिलंय. जे पिशव्या धरून बसतात, त्यांच्यासाठी काय?" आणि खरंच, तुम्ही कुठल्याही पार्कात बघा. घरटी एक माणूस असतं, जे कशातच बसत नाही. आजी असते, पोटुशी सून असते, चक्कर येणारा काका असतो. पूर्ण तिकीट काढून आलेलं हे माणूस दिवसभर पिशव्या धरतं. अण्णा त्यांच्याशेजारी पाट टाकून बसायचे आणि वहीत लिहायचे. नावं विचारत नसत. 'पिवळी साडी, दोन पिशव्या, बारा ते सव्वातीन, तीनदा जागा बदलली.' 'काठीवाले, डबा गुडघ्यावर ठेवून खाल्ला, भाजी सांडली.' असलं.

त्यातून बाक झाले. साध्या घडीव दगडाचे, पॉलिश नाही, कारण पॉलिशवरून म्हातारी माणसं घसरतात. काही उंच, गुडघे धरलेल्यांना उठायला सोपे. काही बुटके, पोरांना भरवणाऱ्या बायकांसाठी. प्रत्येकाला हाताला धरायला दगडी दांडा आणि बाजूला पिशवी ठेवायला फळी, जमिनीपासून वर, म्हणजे ओल्या फरशीवर डबा ठेवावा लागू नये. मी असले बाक कुठंच पाहिले नव्हते. तरी मी त्यांना म्हटलं होतं, "अण्णा, हे बाक आहेत की दवाखाना?"

"तुम्हाला पण लागेल हा दवाखाना," ते म्हणाले. "गुडघा दुखतो ना तुमचा."

गुडघ्याचं त्यांना कुणी सांगितलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मैदानाचा नकाशा पुण्याच्या एका पोराचा होता. हुशार पोरगा, कोरमंगलात राहायचा, दाढी राखलेली. त्यानं सगळं कॉम्प्युटरवर करून आणलं होतं. मधल्या भिंतीच्या उत्तरेला बाकांची रांग, आणि त्यावर छान निळी सावली. झाडं म्हणून गुलाबी फुलांची विलायती झाडं. ती झाडं माझ्याकडे भरपूर होती आणि त्यात मला सुटतही चांगलं होतं, त्यामुळे मी गप्प होते. अण्णा नकाशा बघून म्हणाले, "इथं ऊन येईल."

पोरगा म्हणाला, "नाही अण्णा, सॉफ्टवेअरमध्ये सन पाथ टाकलाय मी. बाक प्रॉपर शेडमध्ये आहेत."

"कुठल्या महिन्याचा सूर्य टाकलाय?"

पोरानं बघितलं. डिसेंबरचा. त्याला सादरीकरण डिसेंबरात द्यायचं होतं, म्हणून त्यानं डिसेंबर टाकला होता.

अण्णा भिंत उभी राहीपर्यंत थांबले. मग मे महिन्यात, शाळांच्या सुटीत, त्यांनी बैठक ठेवली. मोठे साहेब, मॅनेजर, पुण्याचा पोरगा आणि मी. वेळ दुपारी एक. जागा, भिंतीच्या उत्तरेला, जिथं बाक यायचे होते तिथं. पाच पाट मांडून ठेवले होते. घरचे तेवढेच असतील. सगळे बसले. मीसुद्धा बसले. अण्णांनी खिशातून कागद काढला आणि कारंज्याच्या पाइपाबद्दल वाचायला लागले. सावकाश. तो कागद दोन पानी होता. पहिलं पान संपेपर्यंत मॅनेजरचा शर्ट अंगाला चिकटला. मोठ्या साहेबांनी डोक्यावर फाइल धरली. उन्हाळ्यात इथं सूर्य उत्तरेकडे सरकतो, हे बंगळुरात जन्मलेल्या त्या साहेबांना त्या दिवशी डोक्यानं नाही, टाळूनं कळलं. भिंतीपलीकडे, दक्षिणेला, दोन हात सावली पडली होती आणि तिथं एक मांजर झोपलं होतं.

"अण्णा, आत जाऊन बोलू या का?" साहेब म्हणाले.

"आत लोक बसणार नाहीत, साहेब. इथं बसणार आहेत."

दुसरं पान वाचून होण्याआधी बाक दक्षिणेला गेले. पुण्याचा पोरगा अण्णांच्या पाया पडला नाही की काही नाही, पण त्यानंतर तो रोज पाट घेऊन त्यांच्याजवळ बसायला लागला. आणि बैठक मोडता मोडता अण्णा म्हणाले, "हे गुलाबी झाड पण नोको. उन्हाळा सुरू झाला की पानं टाकतं. फोटोला बरं, बसायला नाही. होंगे लावा."

होंगे म्हणजे आपला करंज. पाडव्याच्या आधी पान गाळतो आणि ऊन तापायच्या आत नव्या पानानं भरून येतो. त्याच्यासारखी गार सावली दुसरी नाही. पण रोप लावून बसण्यासारखी सावली यायला आठ-दहा वर्षं लागतात, आणि अण्णांचं वय सत्तरीपुढचं. त्यांना मोठी झाडं हवी होती. मोठे होंगे कुणी विकत नाही. माझ्याकडे पाच होते.

ते विकायचे नव्हते. नर्सरीच्या फाटकाशी, धंद्याच्या पहिल्या वर्षी मी लावलेले. गिऱ्हाइकांच्या गाड्या त्यांच्याखाली लागायच्या. दुपारी मी त्यांच्याखाली उभ्यानं भाकरी खायचे. एका रिसॉर्टवाल्यानं मागितले होते, त्याला मी फाटकाबाहेर काढलं होतं.

अण्णा दोन बस बदलून होसकोट्याला आले. सकाळीच. मी काही म्हणायच्या आत होंगेखाली पाट टाकला, दुसरा पाट शेजारी ठेवला आणि बसून राहिले. मी कामात होते, मुद्दाम. टेम्पो भरले, दोन माळ्यांना झापलं, फोनवर एकाशी भांडले. जेवणाची वेळ झाली. त्यांनी डब्यातून दहीभात काढला. मी भाकरी घेऊन आले आणि का कोण जाणे, बसले. इतक्या वर्षांत त्या झाडांखाली मी पहिल्यांदा बसले होते. वर नवी पानं इतकी दाट दिसत होती की आभाळ नव्हतंच. माझ्या झाडांना खालून बघितल्यावर कसं दिसतं, हे मला माहीतच नव्हतं.

"मागा," मी म्हटलं. "पण देणार नाही."

"मी मागायला नाही आलो. बसायला आलो."

भाकरी मोडत मीच म्हटलं, "पार्कवाले आज बाक करतील, उद्या तोडतील. माझी झाडं शोभेला ठेवतील आणि खाली दुकानं लावतील. तेव्हा मी काय करू?"

"नाही तोडणार. तसं पत्र झालंय. झाडं आहेत तोवर खाली बाक राहतील, आणि बसायला कुणी पैसे घेणार नाही."

"लेखी?"

"लेखी." आणि त्यांनी कापडी पिशवीवर हात मारला.

मी उभी असते तर म्हटलं असतं, दाखवा. ज्या बाईनं सख्ख्या दिराकडूनसुद्धा कागद करून घेतला, तिनं पत्र बघितलं नाही. आमच्यात लोणच्याची फोड होती, त्यांच्या घरची, अर्धी त्यांनी मला दिली होती. मी म्हटलं, न्या.

झाडं हलवण्याचं काम मी स्वतः केलं. मुळांभोवती चर खणला, मातीचा गड्डा गोणपाटात बांधला, फांद्या छाटल्या, क्रेन लावली. अण्णांनी प्रत्येक खोडाच्या उत्तर बाजूला चुन्याचा ठिपका दिला आणि नव्या जागी तो ठिपका उत्तरेलाच येईल असं झाड बसवायला लावलं. क्रेनवाला वैतागला. अण्णा त्याला कन्नडमध्ये म्हणाले, "झोपेतून उठवून तुझं तोंड भिंतीकडं केलं तर तुला चालेल का?" पाचातली चार जगली. मेलेल्या झाडाजवळ ते दोन दिवस बसले. मी म्हटलं, चार जगली हे खूप झालं. ते म्हणाले, "तुम्हाला पाच होती."

त्यानंतर दरवर्षी पाडव्याला मी पार्कात जायचे. त्यांनी कधी बोलावलं नाही. पण ते एका उंच बाकावर बसलेले असायचे आणि शेजारी, लोकांनी बसू नये म्हणून, माझ्यासाठी पाट ठेवलेला असायचा. कडुनिंब आणि गूळ कागदात बांधून आणायचे. त्या दिवशी मी फोन बंद ठेवायचे. समोरून पाळण्यातली पोरं किंचाळत जायची, आणि होंगेखाली पिशव्यांची माणसं बसलेली असायची, डबे फळीवर, पाय सोडून, कुणी डोळे मिटून. एकदा एक म्हातारी अण्णांना म्हणाली, "बाबा, नातवंडं म्हणतात पुढच्या वर्षी दुसरीकडं जाऊ. मी म्हटलं, नाही, तिथंच जायचं, तिथं मला जागा आहे." अण्णा मान हलवून सरी म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते दुसरीकडं बघत होते.

पाडव्याखेरीज दर मंगळवारीही ते तिथं जाऊन बसत, हे मला नंतर कळलं. काम संपलं होतं, पगार बंद झाला होता, तरी जात. फाटकावरचे लोक त्यांना तसंच सोडायचे.

गेल्या दिवाळीनंतर अण्णा गेले. मुलीचा फोन आला. बनशंकरीला जाऊन मी दाराशी उभी राहिले. आत कुणीतरी म्हणालं, बसा अक्का. मी बसू शकले नाही.

या पाडव्याला जावं की नाही, असं झालं होतं. गेले. चारही होंगे नव्या पानांनी भरलेले. खाली बाक नव्हते. एकही नव्हता. पांढरे कापडी पडदे लावलेल्या खोल्यांसारखं काहीतरी होतं, आत गाद्या, उशा, थंड पाण्याच्या बाटल्या, भोवती दोरी. दोरीपाशी टाय लावलेला पोरगा. मनगटाला निळी पट्टी असेल त्यालाच आत सोडत होता. निळी पट्टी वेगळ्या तिकिटाची. माझ्या होंगेच्या सावलीला तिकीट लागलं होतं.

दोरीबाहेर एक बाई उभी होती. दोन खांद्यांवर दोन पिशव्या, हातात पोरांच्या चपला. झाडाची सावली दोरीच्या बाहेर जेवढी हातभर पडत होती, तेवढ्यात उभी. सावली सरकली की ती सरकायची. मी तिला अर्धा तास बघितलं. ती चारदा सरकली. अण्णांच्या वहीत ती कशी आली असती, हे मला तोंडपाठ होतं.

मग मी ओरडले. मॅनेजर आला. नवा होता, पण अण्णांना ओळखत होता. "मॅडम, अण्णा आम्हाला घरच्यासारखे होते," तो म्हणाला. "ते असेपर्यंत आम्ही एका बाकाला हात लावला नाही."

"म्हणजे गेल्यावर लावला."

"मॅडम, पॉलिसी बदलते."

"पत्र झालंय. लेखी आहे."

"कुठलं पत्र?" त्यानं खरंच विचारलं. चेहऱ्यावरून खोटं बोलत नव्हता. मला माणसांचे चेहरे कळतात.

मी तशीच बनशंकरीला गेले. अण्णांच्या मुलीनं कापडी पिशवी काढून दिली. दोन पाट, चुन्याची डबी, वह्या. वह्यांच्या मध्ये एक घडी केलेला कागद. अण्णांचं अक्षर. वर मराठीत, खाली तेच कन्नडमध्ये. 'हे होंगे वृक्ष उभे आहेत तोपर्यंत यांच्या छायेत बसण्यास बाक राहतील आणि बसण्याबद्दल कोणाकडून काही घेतले जाणार नाही.' खाली डावीकडे अण्णांची सही. उजवीकडे 'पार्कातर्फे' असं लिहून पुढं मोकळी जागा. आणि त्याखाली 'साक्षीदार' म्हणून माझं नाव. सगळं नाव, माहेरच्यासकट. जतसुद्धा लिहिलं होतं.

"हे घेऊन अप्पा तीनदा गेले होते," मुलगी म्हणाली. वडलांना ती अप्पा म्हणते. "साहेब म्हणाले, तुमचा शब्द आम्हाला पुरे आहे अण्णा, कागद कशाला? अप्पा म्हणाले, सरी. मग सही राहिली."

"मला म्हणाले, झालंय."

"झालंय असंच वाटायचं त्यांना. दर मंगळवारी जाऊन बसायचे ना. ते बसलेत तोवर कोण उठवणार, म्हणायचे."

मी तिला म्हटलं, तुझा बाप खोटं बोलला माझ्याशी. ती रडली नाही की रागावली नाही. म्हणाली, "हो अक्का. बसा ना, कॉफी करते." मी कॉफी प्याले. पहिल्यांदाच त्या घरात बसले. भिंतीवर अण्णांचा फोटो होता, सरकारी बागेतला, तरुणपणचा. त्यातही ते बसलेलेच.

परवा मंगळवार होता. मी साधं तिकीट काढून पार्कात गेले. कापडी पिशवी खांद्यावर. दोरीखालून वाकून आत गेले, सगळ्यात मोठ्या होंगेच्या बुंध्याशी, चुन्याचा ठिपका जिथं होता तिथं, अण्णांचा पाट टाकला आणि बसले. टायवाला पोरगा धावत आला. निळी पट्टी, मॅडम? मी म्हटलं, हे झाड माझं आहे, जा, तुझ्या साहेबाला बोलाव. तो गेला. दोरीबाहेर पिशव्या धरलेल्या तिघी होत्या. एकीनं विचारलं, बसू का? मी दुसरा पाट तिच्याकडे सरकवला. बाकीच्या दोघी जमिनीवर बसल्या.

मॅनेजर आला. भोवती लोक बघायला लागले होते, त्याला घाम फुटला होता. "मॅडम, इथं नको," तो हळूच म्हणाला. "ऑफिसच्या दारात दोन मिनिटं उभ्याउभ्या बोलून घेऊ."

बावीस वर्षं जे मी दुसऱ्यांना म्हणत आले, ते तो मला म्हणत होता. मी अण्णांचा कागद काढून मांडीवर पसरला. साक्षीदाराच्या जागी मी सही करून आणली होती. अण्णांची सही होतीच. मोकळ्या जागेवर बोट ठेवून मी म्हटलं, "उभ्यानं नाही. बसा, मग बोलू. मेलेल्या माणसाचा शब्द तुम्हाला पुरे होता ना? मग या जागेवर सही कोण करणार, ते सांगा."

तो उभा होता. मी अजून विचारते आहे. त्याला नसेल सांगता येत, तर ज्यानं अण्णांना कागद कशाला म्हटलं त्यानं यावं. मी दर मंगळवारी तिथं आहे. दुसऱ्या पाटावर कुणी बसलं असेल तर साहेबांना खाली बसावं लागेल.